टेक्सासहून न्यू जर्सीला स्थलांतर करताना घरातील बंदुकांचे काय करावे?

केटीकर (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी येथे राहतो आणि नोकरीतील बदलामुळे येत्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील एडिसन येथे कायमच्या मुक्कामाला जाणार आहोत. मी आणि पत्नी दोघेही ग्रीन कार्डधारक आहोत, पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचा विचार आहे आणि घरात शाळकरी वयाचा मुलगा आहे. टेक्सासमध्ये आल्यावर मला नेमबाजीची आवड लागली आणि त्या निमित्ताने काही शस्त्रे घरात आली. ती सर्व येथील परवानाधारक विक्रेत्यांकडून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन, रीतसर विकत घेतलेली आहेत. टेक्सासमध्ये शस्त्रांची नोंदणी करावी लागत नाही, मॅगझिनच्या (शस्त्राला जोडायच्या गोळ्यांच्या पेटीच्या) क्षमतेवर मर्यादा नाही आणि सप्टेंबर २०२१ पासून तर परवान्याशिवायही पिस्तूल सोबत बाळगता येते. त्यामुळे कागदपत्रे म्हणून माझ्याकडे खरेदीच्या पावत्या आणि टेक्सासचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना एवढेच आहे.

घरात ग्लॉक १९ पिस्तूल आहे आणि त्यासोबत आलेली १५ गोळ्यांची मॅगझिन आहेत. एआर-१५ पद्धतीची एक रायफल आहे. तिला मागेपुढे सरकणारा स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता), पिस्तुलासारखी मूठ आणि नळीच्या टोकाला गोळी सुटतानाची ज्वाला झाकणारा फ्लॅश हायडर असून तिची मॅगझिन ३० गोळ्यांची आहेत. याशिवाय बारा बोअरची पंप शॉटगन, मुलासाठी घेतलेली छर्‍यांची एअर रायफल आणि घराच्या संरक्षणासाठी आणलेले हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेल्या) गोळ्यांचे काही खोके आहेत.

माझ्या वाचनानुसार न्यू जर्सीत नव्याने येणार्‍या रहिवाशाला शस्त्रांची नोंदणी करण्यासाठी ६० दिवसांची मुदत मिळते. त्यावरून सर्व सामान सोबत न्यावे, नव्या घरी स्थिरस्थावर व्हावे आणि मग त्या मुदतीत काय ठेवायचे व काय विकायचे ते ठरवावे, असा माझा बेत आहे. रायफलीबाबत अडचण येईलच असे वाटल्यास ती शुगर लँड येथे राहणार्‍या धाकट्या भावाकडे ठेवून जाण्याचाही पर्याय आहे. तो एच-वन-बी व्हिसावर आहे. प्रवास मोटारीने करणार आहोत. या बेतात काही चुकत असेल तर निघण्यापूर्वीच कळावे, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

रॅरिटनकाठ

केटीकर, तुम्ही निघण्यापूर्वी विचारले हे फार चांगले केले, कारण तुमच्या बेतातील सर्वात महत्त्वाचे गृहीतकच बरोबर नाही. ६० दिवसांची मुदत आहे हे खरे, परंतु ती नोंदणीसाठी आहे. न्यू जर्सीत ज्या वस्तू बाळगण्यासच बंदी आहे त्यांना ती लागू होत नाही. तुमच्या यादीतील काही वस्तू अशा आहेत की त्या घेऊन तुम्ही राज्याची हद्द ओलांडली की त्याच क्षणी गुन्हा पूर्ण होतो. त्या नंतर विकण्याचा तुमचा हेतू कितीही प्रामाणिक असला तरी त्याने फरक पडत नाही.

आधी मुदतीविषयी सांगतो. राज्यपाल फिल मर्फी यांनी ५ जुलै २०२२ रोजी शस्त्रविषयक विधेयकांच्या एका संचावर स्वाक्षरी केली आणि त्यांतील एका कायद्याने ही तरतूद आली. राज्याबाहेर शस्त्र घेतलेल्या व्यक्तीने न्यू जर्सीची रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांच्या आत शस्त्रखरेदीदार ओळखपत्रासाठी अर्ज करायचा आणि पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असल्यास त्याची राज्य पोलिसांकडे नोंदणी करायची, असे तिचे स्वरूप आहे. त्यापूर्वी नव्याने येणार्‍यावर असे बंधन नव्हते. म्हणूनच जुने रहिवासी तुम्हाला ‘आम्ही तर काहीच केले नव्हते’ असे सांगतील. ते त्यांच्या काळापुरते बरोबर असेल, पण तुमच्यासाठी त्याचा उपयोग नाही.

आता एकेक वस्तू पाहू. ग्लॉक १९ हे पिस्तूल स्वतः न्यू जर्सीत पूर्णपणे वैध आहे आणि ते तुम्ही आणू शकता. त्याची १५ गोळ्यांची मॅगझिन मात्र आणता येणार नाहीत. येथे १९९० सालापासून १५ गोळ्यांची मर्यादा होती, ती जून २०१८ च्या कायद्याने १० वर आली. त्याहून मोठे मॅगझिन जवळ असणे हा चौथ्या श्रेणीचा गुन्हा असून त्याला १८ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या पिस्तुलासाठी कंपनीची १० गोळ्यांची मॅगझिन सहज मिळतात. ती टेक्सासमध्येच विकत घ्या आणि जुनी तेथेच विका किंवा नागरिक असलेल्या एखाद्या स्नेह्याला देऊन टाका. रिकाम्या मॅगझिनला कोण विचारतो, असा विचार अनेक जण करतात. परंतु येथील कायद्याच्या दृष्टीने मॅगझिन रिकामे आहे की भरलेले, पिस्तुलाला जोडलेले आहे की खोक्याच्या तळाशी पडलेले आहे, याला काहीही महत्त्व नाही. सामान बांधताना जुन्या रेंज बॅगेचे सर्व कप्पे उलटे करून पाहा.

बारा बोअरच्या पंप शॉटगनबाबत अडचण येण्याचे कारण नाही. लांब नळीच्या शस्त्रांची सक्तीची नोंदणी न्यू जर्सीत नाही, पण ओळखपत्र मात्र काढावेच लागते.

छर्‍यांच्या बंदुकीचा उल्लेख तुम्ही सहज केला असेल, पण तेथे विशेष लक्ष द्या. टेक्सासमध्ये ती खेळण्याच्या दुकानाशेजारी मिळते. न्यू जर्सीच्या व्याख्येत मात्र दाबलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल हीदेखील बंदूकच आहे आणि ती घेण्यासाठी तेच ओळखपत्र लागते. मुलाने ती घेऊन अंगणात किंवा शेजारच्या मोकळ्या मैदानात जाणे ही येथे गंभीर बाब ठरू शकते. माझे मत विचाराल तर ती आणूच नका. मुलाला नेमबाजी शिकवायची असेल तर येथील क्लबांमध्ये प्रौढांच्या देखरेखीखाली शिकण्याची चांगली सोय होते.

रायफलीवर सविस्तर लिहायला हवे. न्यू जर्सीत १९९० पासून असॉल्ट फायरआर्मवर बंदी आहे. कायद्यात काही शस्त्रे नावानिशी दिलेली आहेत, त्यांत कोल्टची एआर-१५ मालिका आहे. आणि त्या शस्त्रांशी ‘मूलतः सारखी’ असणारी इतर शस्त्रेही बंदीत येतात. सारखेपणा कसा ठरवायचा यासाठी राज्याच्या महाधिवक्त्यांनी १९९६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. काढता येणारे मॅगझिन असलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला घडी होणारा किंवा सरकणारा स्टॉक, ठळकपणे खाली येणारी पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावण्याची खाच, फ्लॅश सप्रेसर (म्हणजेच फ्लॅश हायडर) किंवा तो बसवण्यासाठी आटे पाडलेली नळी आणि ग्रेनेड लाँचर यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी असतील तर ती बंदीत मोडते. तुमच्या वर्णनावरून तुमच्या रायफलीत सरकणारा स्टॉक, मूठ आणि फ्लॅश हायडर या तीन गोष्टी आहेत. ती आहे त्या स्थितीत आणणे हा दुसर्‍या श्रेणीचा, म्हणजे मॅगझिनच्या चौथ्या श्रेणीच्या गुन्ह्यापेक्षा बराच गंभीर गुन्हा आहे.

येथील अनेक नेमबाज एआर पद्धतीच्या रायफली कायदेशीरपणे वापरतात. त्यांचा स्टॉक पक्का बसवलेला असतो, नळीला आटे नसतात किंवा त्यावर मझल ब्रेक (बंदुकीचा झटका कमी करणारा भाग) पिन घालून वेल्ड केलेला असतो आणि मॅगझिन १० गोळ्यांचे असते, म्हणजे वरील यादीतील एकच गोष्ट उरते. असा बदल करायचा असेल तर तो टेक्सासमध्येच जाणत्या गनस्मिथकडून करून घ्यावा, त्याची पावती व छायाचित्रे ठेवावीत आणि तरीही येथील शस्त्रकायद्याच्या वकिलाला एकदा दाखवून त्याचे लेखी मत घ्यावे. या सर्व खटाटोपाचा खर्च रायफलीच्या किमतीशी ताडून पाहिला तर विकून टाकणे अधिक शहाणपणाचे ठरेल असे मला वाटते, पण हा निर्णय तुमचा आहे.

मृण्मयी

मी इमिग्रेशन कायद्याच्या क्षेत्रात काम करते. शस्त्रकायद्यावर रॅरिटनकाठ यांनी लिहिले आहेच, म्हणून मी दोनच मुद्दे मांडते. परंतु ते दोन्ही तुमच्या कुटुंबाच्या या देशातील वास्तव्याशी थेट निगडित आहेत.

पहिला मुद्दा तुमच्या भावाचा. कृपया रायफल त्याच्याकडे ठेवू नका. फेडरल कायद्याच्या कलम ९२२(जी)(५) नुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर या देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा दारूगोळा बाळगण्यास मनाई आहे, आणि एच-वन-बी, एल-वन, एफ-वन हे सर्व त्याच गटात येतात. टेक्सासचा कायदा कितीही सैल असला तरी हा फेडरल कायदा असल्याने तो टेक्सासमध्येही तितकाच लागू आहे. वैध शिकार परवाना असणार्‍यांसाठी एक अपवाद आहे, मात्र तुमची रायफल सांभाळण्यासाठी भावाने शिकार परवाना काढावा, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही. ‘ती माझी नाही, दादाची आहे, मी केवळ कपाटात ठेवली आहे’ हा बचावही टिकत नाही, कारण कायदा मालकीबद्दल बोलत नाही, ताब्याबद्दल बोलतो. जाणूनबुजून अशा मनाई असलेल्या माणसाच्या हाती शस्त्र देणारी व्यक्तीही गुन्ह्यात येते, म्हणजे येथे तुम्ही स्वतः. त्याच न्यायाने तो न्यू जर्सीत तुमच्याकडे काही महिने राहायला आला तर बंदुकांच्या सेफची किल्ली किंवा संकेतांक त्याला माहीत नसावा.

दुसरा मुद्दा तुमचा स्वतःचा. ग्रीन कार्डधारकाला शस्त्र बाळगता येते, हे बरोबर आहे. परंतु बंदुकीची खरेदी, विक्री, बाळगणे किंवा सोबत नेणे यांसंबंधीच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या परकीय नागरिकाला देशाबाहेर काढता येते, अशी इमिग्रेशन कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे; आणि ग्रीन कार्डधारक हा या कायद्याच्या दृष्टीने परकीय नागरिकच असतो. तेथे किती वर्षांची शिक्षा झाली हे पाहिले जात नाही. अमेरिकी नागरिक असलेला तुमचा शेजारी मॅगझिनच्या गुन्ह्यात सरकारी वकिलाशी तडजोड करून दंड व प्रोबेशनवर सुटेल आणि पुढील महिन्यात कामावर जाईल, पण तुम्ही तीच तडजोड स्वीकारली तर तिचा शेवट इमिग्रेशन न्यायालयात होऊ शकतो. नागरिकत्वाच्या अर्जातही अटक झाली होती का हे विचारले जाते, मग खटला पुढे चालला असो वा नसो. म्हणून टेक्सासमधील मित्रांनी, विशेषतः तेथेच जन्मलेल्यांनी, दिलेला ‘काही होत नाही’ हा सल्ला तुम्ही त्यांच्या पारड्यात न तोलता स्वतःच्या पारड्यात तोला. दुर्दैवाने कधी पोलिसांशी प्रसंग आलाच, तर फौजदारी वकिलाच्या बरोबरीने इमिग्रेशन वकिलाला विचारल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही करू नका.

लोनस्टार

वरील सल्ला कायद्याच्या अंगाने योग्य असेल, परंतु मला एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी शस्त्र सोबत बाळगण्याच्या हक्काविषयीच्या ब्रुएन प्रकरणात दिलेल्या निकालानंतर अशा बंदी किती दिवस टिकतील याविषयी गंभीर शंका आहे. न्यू जर्सीतीलच फेडरल जिल्हा न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एआर-१५ वरील बंदी घरातील स्वसंरक्षणाच्या संदर्भात घटनाबाह्य ठरवली होती. एका राज्यात सर्वसामान्य समजली जाणारी वस्तू शेजारच्या राज्यात तुरुंगात धाडणारी ठरावी, हे मला न्याय्य वाटत नाही आणि प्रामाणिक मालकाने घाईघाईने आपली शस्त्रे कवडीमोलाने विकू नयेत असे मला मनापासून वाटते.

रॅरिटनकाठ

लोनस्टार, तुमची भावना मी समजू शकतो आणि कायद्याविषयी तुमच्या मताशी मी पुष्कळसा सहमतही आहे. परंतु त्या निकालाबाबत दोन गोष्टी सांगितल्याशिवाय चित्र अपुरे राहते. त्याच निकालात न्यायालयाने १० गोळ्यांची मर्यादा मात्र कायम ठेवली, आणि एआर-१५ विषयीच्या भागाला लगेच स्थगिती मिळून प्रकरण थर्ड सर्किट या फेडरल अपील न्यायालयाकडे गेले. ज्या कायद्याविरुद्ध दावा चालू आहे तो कायदा अंतिम आदेश होईपर्यंत पोलिसांच्या हाती पूर्ण ताकदीने असतो. घटनात्मक लढाई संघटनांनी आणि त्यांच्या वकिलांनी लढवावी. नव्या गावी बिर्‍हाड घेऊन येणार्‍या, मुलाबाळांच्या आणि अद्याप नागरिकत्व न मिळालेल्या माणसाने स्वतःला त्या लढाईतील आरोपी करून घेऊ नये. कवडीमोलाने विकू नये या तुमच्या म्हणण्याशी मात्र मी सहमत आहे. त्यासाठीच निघण्याच्या तारखेच्या बर्‍याच आधी विक्री सुरू केली पाहिजे.

पूर्वाश्रमीचा कोलोरॅडोकर

प्रवासाचा भाग मी सांगतो. मी कोलोरॅडोतून न्यू जर्सीला आलो तेव्हा याचा बारकाईने अभ्यास करावा लागला होता.

१९८६ च्या फेडरल कायद्याचे कलम ९२६ए प्रवाशाला संरक्षण देते. शस्त्र रिकामे असावे, शस्त्र आणि गोळ्या दोन्ही प्रवाशांच्या हाताला लागतील अशा ठिकाणी नसाव्यात, आणि गाडीला वेगळी डिकी नसेल तर ती कुलूपबंद पेटीत असावीत. डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन आसनांमधील खण ही अशी पेटी धरली जात नाही. इतके पाळले की मधल्या राज्यांचे कडक नियम आडवे येत नाहीत. मात्र या संरक्षणाचा पाया असा आहे की जेथून निघालात तेथे आणि जेथे पोहोचणार आहात तेथेही ते शस्त्र बाळगणे तुम्हाला वैध असले पाहिजे. म्हणजे तुमच्या पिस्तुलाला आणि शॉटगनला हे कलम उपयोगी आहे. ३० गोळ्यांची मॅगझिन लावलेल्या रायफलीला नाही, कारण एडिसनमध्ये ती वैधच नाही.

टेक्सासहून येणारे बहुतेक जण टेनेसी व व्हर्जिनियातून इंटरस्टेट ८१ ने वर येतात, वाटेत वेस्ट व्हर्जिनिया आणि मेरीलँडचा लहानसा पट्टा लागतो, मग पेनसिल्व्हेनियातून इंटरस्टेट ७८ ने फिलिप्सबर्गजवळ न्यू जर्सीत प्रवेश होतो. सर्वात कडक राज्याचा नियम पहिल्या मैलापासून पाळावा, म्हणजे हद्द कोठे ओलांडली याकडे लक्ष ठेवावे लागत नाही: शस्त्रे रिकामी, कठीण पेटीत, कुलूप लावून डिकीत, गोळ्या वेगळ्या पेटीत. रात्रीचा मुक्काम टेनेसी किंवा व्हर्जिनियात करा आणि न्यू जर्सीत शिरल्यावर थेट घरी जा. वाटेत नातेवाइकांकडे जेवण, दुकानात खरेदी, एखाद्या मित्राकडे रात्रभर थांबणे हे सर्व शस्त्रे घरात कुलूपबंद झाल्यावर करा.

हे मी अतिकाळजीपोटी लिहीत नाही. २००९ च्या सुरुवातीला कोलोरॅडोहून न्यू जर्सीत बिर्‍हाड हलवत असलेल्या एका तरुणाच्या गाडीच्या डिकीत पोलिसांना कुलूपबंद, रिकामी पिस्तुले सापडली. ती त्याने रीतसर विकत घेतलेली होती. येथील कायद्यात घर बदलताना शस्त्र नेण्याची सवलत आहे, परंतु तो खरोखर घर बदलण्याच्या प्रवासात होता का, यावर खटला अडला आणि त्याला २०१० मध्ये ७ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यपाल ख्रिस ख्रिस्ती यांनी शिक्षा कमी केली म्हणून तो बाहेर आला. त्यामुळे नव्या घराचा भाडेकरार, मूव्हिंग कंपनीची पावती, जुन्या घराचा ताबा सोडल्याचा कागद हे सर्व प्रवासात हाताशी ठेवा. तुम्ही घर बदलत आहात हे सिद्ध करण्याची वेळ आली तर तेच उपयोगी पडतील.

विमानाने येण्याचा विचार करत असाल तर तोही नीट तपासा. नेवार्क येथे २००५ मध्ये एका प्रवाशाचे पुढचे विमान चुकले, सामान त्याच्या हाती परत दिले गेले आणि तो ते घेऊन हॉटेलात राहिला. दुसर्‍या दिवशी विमानतळावर पिस्तुलाची नोंद करायला गेला तेव्हा त्याला अटक झाली. थर्ड सर्किट न्यायालयाने २०१० मध्ये असे ठरवले की, हॉटेलात असताना शस्त्र त्याच्या हाताच्या अंतरावर होते, म्हणून ९२६ए चे संरक्षण त्याला मिळत नाही. तुमचा मुक्कामच न्यू जर्सीत असल्याने तुमचे प्रकरण वेगळे आहे, पण मोटारीचा मार्ग अधिक तुमच्या हातात राहतो.

मूव्हिंग कंपनीच्या ट्रकमध्ये शस्त्रे देणार असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे वाहतूकदाराला तशी लेखी सूचना द्यावी लागते, आणि दारूगोळा तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. मी स्वतः शस्त्रे ट्रकमध्ये देण्याच्या विरोधात आहे, कारण ट्रक उशिरा पोहोचला किंवा सामान गोदामात राहिले तर शस्त्र कोठे आहे हे तुम्हाला सांगता येत नाही.

हॉलो पॉइंट गोळ्या टेक्सासमध्येच ठेवा. न्यू जर्सीत त्या घरात ठेवता येतात आणि खरेदी केलेल्या जागेपासून घरी नेता येतात, परंतु सवलतीचा हा शब्द न शब्द पाहिला तर जुन्या घरापासून नव्या घरापर्यंतचा प्रवास त्यात स्पष्टपणे येत नाही. काही डॉलर्सच्या गोळ्यांसाठी हा वाद अंगावर घेण्याचे कारण नाही.

केटीकर (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने आणि तपशिलाने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. मृण्मयीताई, भावाविषयीचा मुद्दा मला अजिबात ठाऊक नव्हता. तो बेत आजच रद्द केला आणि त्याच्याशी बोलूनही घेतले. रायफल, सर्व मोठी मॅगझिन, हॉलो पॉइंट गोळ्या आणि छर्‍यांची बंदूक टेक्सासमध्येच सोडून फक्त ग्लॉक व शॉटगन न्यायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

एक शंका उरते. माझा एक जुना मित्र केटीतच राहतो, तो अमेरिकी नागरिक आहे आणि रायफल विकत घेण्यास तयार आहे, परंतु त्याच्या सोयीने तो शरद ऋतूत घेईल असे म्हणतो. तोवर रायफल त्याच्याकडे ठेवून पैसे नंतर घेतले तर चालेल का? आणि एडिसनला गेल्यावर पिस्तुलाची नोंदणी नेमकी कोठे आणि कशी करायची?

रॅरिटनकाठ

विक्री तुम्ही टेक्सासचे रहिवासी असतानाच पूर्ण करा. फेडरल कायद्यानुसार एका राज्याचा रहिवासी दुसर्‍या राज्याच्या रहिवाशाला परस्पर शस्त्र विकू किंवा भेट देऊ शकत नाही. तो व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच व्हावा लागतो. आज तुम्ही आणि तुमचा मित्र एकाच राज्यात आहात, म्हणून तुमच्यातील व्यवहार सरळ आहे. तुम्ही एडिसनकर झालात की त्याच मित्राबरोबरचा तोच व्यवहार आंतरराज्य ठरतो. पैसे त्याने सवडीने दिले तरी हरकत नाही, पण रायफलीची मालकी निघण्यापूर्वी त्याच्याकडे गेली पाहिजे आणि तशी तारखेसह सही केलेली पावती दोघांकडे असली पाहिजे. टेक्सासमध्ये खासगी विक्रीला विक्रेत्याची गरज नसली तरी मी तुमच्या जागी असतो तर स्थानिक परवानाधारक दुकानात जाऊन तेथूनच हस्तांतर केले असते. थोडे शुल्क जाते, पण पार्श्वभूमीची तपासणी होते आणि रायफल तुमच्या नावावरून उतरल्याचा पक्का कागद मिळतो. मित्राला आता जमत नसेल तर तेच दुकान ती कमिशनवर विक्रीला ठेवून घेईल.

नोंदणीसाठी आधी एडिसनच्या नगर पोलिसांशी संपर्क साधा. ज्या गावांना स्वतःचे पोलीस खाते नाही तेथे हे काम राज्य पोलिसांच्या ठाण्यातून होते. ओळखपत्राचा अर्ज राज्य पोलिसांच्या ऑनलाइन प्रणालीतून भरायचा असतो. त्यासाठी बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी पाहण्यास संमती आणि तुम्हाला ओळखणार्‍या दोन व्यक्तींचे संदर्भ लागतात. ओळखपत्राचे शुल्क ५० डॉलर आहे आणि २०२२ च्या कायद्यानंतर शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घेतल्याचा पुरावाही मागितला जातो. ते प्रशिक्षण कोणते चालेल हे एडिसनच्या पोलिसांनाच विचारा. नव्या गावी तुमच्या ओळखी अजून झालेल्या नसतील, म्हणून संदर्भ कोण देणार हे आताच ठरवून त्यांना कल्पना देऊन ठेवा. अर्ज येथेच सर्वाधिक रखडतात. मुदत मोजण्यासाठी रहिवासी झाल्याची तारीख निश्चित सांगता आली पाहिजे, त्यामुळे भाडेकराराची सुरुवात आणि प्रत्यक्ष राहायला आल्याचा दिवस यांची नोंद ठेवा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

टेक्सासचा बाळगण्याचा परवाना येथे कोणीही मानत नाही. न्यू जर्सी दुसर्‍या कोणत्याही राज्याचा असा परवाना ग्राह्य धरत नाही. येथील स्वतंत्र परवाना मिळेपर्यंत पिस्तूल घरातच राहील. रेंजवर नेताना ते रिकामे, बंद पेटीत किंवा डिकीत कुलूपबंद असेल, आणि तो प्रवासही वाजवी कारणाशिवाय कोठे न थांबता करायचा. परवान्याविना पिस्तूल बाळगल्याच्या गुन्ह्याला ग्रेव्हज कायद्याखाली किमान साडेतीन वर्षे पॅरोलविना तुरुंगवासाची तरतूद आहे. फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईला २०१३ मध्ये अटलांटिक सिटीच्या मार्गावर गाडी थांबवल्यावर, आपल्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना आणि पिस्तूल आहे, असे पोलिसांना स्वतःहून सांगितल्यामुळे अटक झाली होती; तिला अखेर २०१५ मध्ये राज्यपालांची माफी मिळाली. टेक्सासमध्ये अधिकार्‍याला परवाना दाखवण्याची जी सवय तुम्हाला लागली आहे, ती येथे तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकते.

वाचक_अ

मी हा धागा न्यूयॉर्कला जाण्याच्या तयारीत असताना वाचत आहे. हेच नियम तेथेही लागू होतात का?

पूर्वाश्रमीचा कोलोरॅडोकर

नाही, आणि एका राज्याच्या नियमावरून दुसर्‍याचा अंदाज बांधू नये. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल घरात ठेवण्यासाठीही आधी परवाना लागतो आणि तो हाती येण्यापूर्वी पिस्तूल राज्यात आणण्याची सवलत नव्या रहिवाशाला नाही. न्यूयॉर्क शहरात तर रायफल व शॉटगनसाठीही परवाना हवा. त्यामुळे तुम्ही पिस्तूल सध्याच्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून जावे, न्यूयॉर्कचा परवाना मिळवावा आणि मग ते तेथील विक्रेत्याकडे पाठवण्याची व्यवस्था करावी, हाच सुरक्षित क्रम आहे. कॅलिफोर्नियात गेलात तर ६० दिवसांत नवा रहिवासी म्हणून राज्याच्या न्याय विभागाला शस्त्रांची माहिती द्यावी लागते, त्याचे शुल्क १९ डॉलर आहे, पण मोठी मॅगझिन आणि असॉल्ट वेपन तेथेही हद्दीबाहेरच ठेवावी लागतात. मेरीलँडमध्ये पिस्तुलाच्या नोंदणीची मुदत ९० दिवसांची आहे. इलिनॉयमध्ये शस्त्रमालकाचे ओळखपत्र काढावे लागते.

मृण्मयी

केटीकर, आणखी एक गोष्ट घरभाड्याच्या करारावर सही करण्यापूर्वी पाहा. काही घरमालक आणि अपार्टमेंट कंपन्या करारात शस्त्रे ठेवण्यास मनाई करणारे कलम घालतात. तसे कलम असेल तर आताच बोलून घ्या किंवा दुसरे घर पाहा. मुलगा घरात असल्याने पिस्तुलाची सेफ सामानाच्या ट्रकवर अवलंबून ठेवू नका. लहान सेफ मोटारीतच न्या, म्हणजे पहिल्या रात्रीपासून पिस्तूल तिच्यात राहील. अज्ञान मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल अशा स्थितीत ठेवणे हा न्यू जर्सीत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तोही तुमच्या नागरिकत्वाच्या अर्जावर दिसेल.

केटीकर (प्रश्नकर्ता)

करार अजून मसुद्याच्या अवस्थेत आहे, त्यामुळे ते कलम आज रात्रीच तपासतो. मित्राशी बोललो. तो शनिवारी माझ्यासोबत दुकानात येऊन हस्तांतर पूर्ण करण्यास तयार आहे. पैसे तो शरद ऋतूतच देईल. ग्लॉकसाठी १० गोळ्यांची मॅगझिन मागवली आहेत आणि संदर्भासाठी एडिसनमधील माझ्या दोन जुन्या सहकार्‍यांना विचारले आहे. एडिसन पोलिसांकडून प्रशिक्षणाविषयी उत्तर आले की येथे कळवतो, म्हणजे पुढे येणार्‍यांनाही उपयोग होईल.